घरच्या गॅरेजमधली पोर्टेबल कार लिफ्ट: मिशिगनचा एक हिवाळा काढल्यावर

सुरुवातीलाच सांगून टाकतो: या लिफ्टखाली उभं राहता येत नाही. गाडी जेमतेम वीस इंच वर जाते आणि काम पाठीवर झोपूनच करावं लागतं. तरीही मी ती परत केली नाही, करणारही नाही.

आमचं घर डेट्रॉइटच्या उपनगरात. दोन गाड्यांचं गॅरेज, छत नऊ फुटांच्या आत, त्यात वर दरवाजाचे रूळ आणि ओपनर. दोन खांबांची कायमची लिफ्ट बसवून गाडी डोक्यावर न्यायची तर अकरा-बारा फूट उंची हवी, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला. आपल्याकडे एसटी डेपोत आणि जुन्या गॅरेजांत खड्डा असतो, मेकॅनिक खाली उतरतो आणि गाडी त्याच्या डोक्यावर. वाढलो तेच बघत, म्हणून पहिला विचार खड्ड्याचाच आला. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खड्ड्यात साचून राहते. घराला चिकटलेल्या गॅरेजात, भिंतीपलीकडे वॉटर हीटरची ज्योत पेटलेली असताना, हा खेळ कोण करणार?

मग पोर्टेबलकडे वळलो. त्यात मॅक्सजॅकसारखे दोन सुटे खांब मिळतात. जमिनीत अँकर ठोकायचे, खांब बोल्टने आवळायचे, काम झालं की काढून कोपऱ्यात. गाडी चारेक फूट वर जाते, म्हणजे स्टुलावर बसून आरामात काम. पण अँकरसाठी जाड, बिनतड्याचं, सलग काँक्रीट लागतं, आणि आमच्या गॅरेजच्या फरशीला मधोमध तडा आहे. डॅलस-ह्यूस्टनकडच्या मंडळींनी तर आणखी जपावं. तिकडच्या बऱ्याच घरांचे स्लॅब पोस्ट-टेन्शन असतात, म्हणजे आत ताणलेल्या पोलादी केबल. ड्रिल त्यातल्या एखादीवर गेलं तर लिफ्ट राहिली बाजूला, घराच्या पायाचीच दुरुस्ती निघेल. कात्रीसारख्या उघडणाऱ्या सिझर लिफ्टला अँकर लागतीलच असं नाही, पण तिचा सांगाडा गाडीच्या पोटाखाली मधोमध बसतो, आणि मला हात घालायचा असतो तो नेमका तिथेच.

म्हणून दोन फ्रेमची लिफ्ट घेतली. हा प्रकार क्विकजॅक या ब्रँडमुळे सगळ्यांना माहीत झाला. माझी त्याच धाटणीची, दुसऱ्या कंपनीची. दोन लांबट पोलादी फ्रेम गाडीच्या दोन्ही बाजूंनी, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये सरकवायच्या, होज (तेलाच्या नळ्या) एका छोट्या हायड्रॉलिक पंपाला जोडायचे, बटण दाबायचं. मिनिटाभरात चारही चाकं अधांतरी.

दुकानातला माणूस आणि मित्र, दोघंही आधी वजनच विचारतात. आमची होंडा ओडिसी मिनीव्हॅन साडेचार हजार पौंडांच्या आसपास, म्हणून ५,००० पौंडांची सोडून ७,००० ची घेतली, इतकं सोपं. खरी मेख वेगळीच आहे. गाडीच्या सिलवर (दारांखालच्या पत्र्याच्या कडेवर) जॅक लावायच्या ज्या दोन जागा असतात, पुढची आणि मागची, त्यांच्यातलं अंतर टेपने मोजा आणि फ्रेमवरच्या रबरी पॅडची हद्द तेवढी पोचते का ते बघा. व्हीलबेसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराच्या, आकड्यावर जाऊ नका, या दोन जागा त्याच्या आत असतात. मिनीव्हॅनला लांब फ्रेम लागते, कॅमरीसारख्या सेडानला आखूड पुरते, आणि घरात दोन्ही असतील तर दोघींना चालणारी फ्रेम शोधताना निम्मे मॉडेल आपोआप गळतात. मी पॅडच्या जागा फ्रेमवर रंगाने खुणावून ठेवल्यात, पांढऱ्या खुणा ओडिसीच्या, पिवळ्या खुणा कॅमरीच्या.

दुसरी मोजायची गोष्ट म्हणजे गाडीच्या पुढची-मागची मोकळी जागा. या फ्रेम सरळ वर जात नाहीत, कमानीत जातात, त्यामुळे उचलताना गाडी थोडी पुढे किंवा मागेही सरकते. भिंतीवर शेल्फ असतील तर आधी बघून घ्या.

वापराचं म्हणाल तर सगळ्यात सुख टायर बदलताना. इथे नोव्हेंबरात हिवाळी टायर चढवायचे आणि वसंतात उतरवायचे, दोन गाड्या म्हणजे दर वेळी आठ चाकं. पूर्वी जॅक, स्टँड, एक कोपरा, मग दुसरा, यात शनिवार संपायचा. आता चहा गार व्हायच्या आत एक गाडी होते. नट शेवटचे आवळायचे ते मात्र गाडी खाली टेकल्यावर, टॉर्क रेंचने (ओडिसीला ९४ फूट-पौंड). दुसरा फायदा माझ्या लक्षात उशिरा आला. गाडी चारही कोपऱ्यांत सारखी उचलली जाते, त्यामुळे ट्रान्समिशनच्या ऑइलची पातळी बरोबर बघता येते. नुसतं पुढून जॅकवर चढवलेल्या गाडीत ती पातळी खोटी दिसते. थंडीआधी गाडीच्या पोटाला गंज रोखणाऱ्या लॅनोलिनचा फवाराही मारून घेतला. इथे रस्त्यावर इतकं मीठ टाकतात की सिल आतून खाल्लं जातं. तुमची गाडी जुनी असेल तर पॅड लावण्याआधी तिथे स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. पत्रा भुसभुशीत लागला तर तिथून उचलूच नका.

लॉकबद्दल दोन शब्द जास्त लिहितो. गाडी वर गेली की ती थोडी खाली आणून लॉकच्या पट्टीवर बसवायची, म्हणजे भार तेलावर न राहता पोलादावर येतो. त्याआधी डोकंसुद्धा खाली घालायचं नाही. उतरवताना आधी जरा वर, मग दोन्ही पट्ट्या मोकळ्या, मग दोन्ही बाजूंना जाऊन डोळ्यांनी खात्री, मगच खाली. एक बाजू लॉकवर अडकून दुसरी उतरायला लागली तर गाडी कलते. मी काढलेली चाकंही सिलखाली आडवी सरकवून ठेवतो. बायको म्हणते अति करतोस. असू दे.

आता तक्रारी. फ्रेम एकेक शंभर पौंडांच्या आसपास, आणि जाहिरातीतला तो हसतमुख माणूस एका हाताने उचलून भिंतीला टांगतो तसं काही होत नाही. चाकांवर ओढत न्याव्या लागतात. बाजूने गाडीखाली शिरायला फ्रेम आडव्या येतात, क्रीपर (झोपून सरकायची चाकांची फळी) पुढून किंवा मागूनच घालावा लागतो, आणि गॅरेजचा दरवाजा उघडा ठेवायची हवा नसेल तर ती कसरतच. जानेवारीत तापमान उणे पंधरावर गेलं तेव्हा तेल घट्ट झालं, होज कडक झाले, आणि वर जायला दुप्पट वेळ लागला. एका होजच्या कपलरमधून, म्हणजे जोडातून, सुरुवातीपासून तेल पाझरत होतं. कंपनीने नवा कपलर पाठवला, पण त्यासाठी फोनवर जी आर्जवं करावी लागली ती आठवली की आजही चिडचिड होते. सुरुवातीला सिलिंडरमधली हवा काढल्याशिवाय दोन्ही फ्रेम सारख्या उचलत नाहीत, आणि हे माहितीपुस्तकात आत कुठेतरी एका ओळीत लिहिलंय.

विजेचंही बघा. पंप ११० व्होल्टवर चालतो, पण सुरू होताना चांगलाच करंट ओढतो. आमच्या गॅरेजात त्याच सर्किटवर दुसरा फ्रीझर आहे, खोवलेलं नारळ आणि उकडीच्या मोदकांचा साठा असलेला. दोन्ही एकदम चालू झाले की ब्रेकर पडतो. मी लिफ्ट वापरताना फ्रीझरची वायर काढतो आणि परत लावायची आठवण म्हणून गाडीची किल्ली फ्रीझरवर ठेवतो. लांब, बारीक एक्स्टेन्शन कॉर्डवर पंप अजिबात चालवू नका, मोटर तापते. बारा व्होल्टचा, गाडीच्या बॅटरीवर चालणारा पंपही मिळतो, घरात वेगळं सर्किट नसेल त्याला तो बरा.

शेजाऱ्याने त्याचा पिकअप आणून बघितला. वजनाला लिफ्ट पुरली असती, पण त्याच्या चासीच्या जागा मुळातच उंच, त्यात उचलायला लागलं की सस्पेन्शन लोंबतं आणि चाकं जमीन सोडायलाच तयार नाहीत. उंची वाढवायचे ठोकळे वेगळे विकत मिळतात, पण तेवढ्या वर तेवढं वजन बघून दोघांनीही विचार सोडला. मोठ्या पिकअपवाल्यांनी चांगला जॅक आणि दणकट स्टँडच घ्यावेत.

पैशांचं विचाराल तर अशा लिफ्टला दीड-दोन हजार डॉलर जातात. नुसतं ऑइल बदलण्यासाठी हा आकडा कधीच वसूल होणार नाही. ज्यांच्याकडे दोन गाड्या, दोन जोड्या टायर आणि गाडीखाली शिरायची हौस आहे त्यांनीच घ्यावी, आणि घेताना टेप बरोबर न्यावी.