मायब्रिज यांचे कॅमेरे की मारे यांची बंदूक?

धावत्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का? जून १८७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोला छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज यांनी धावपट्टीलगत १२ कॅमेरे ओळीने मांडले. आडव्या ताणलेल्या दोऱ्यांना घोडा धडकत गेला, तसतसे शटर पडत गेले. उत्तर मिळालं: सुटतात, पण पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. चित्रकार रंगवायचे तसे पुढे-मागे फाकलेले असताना नव्हे!

पण आकाशातला पक्षी कुठल्या दोऱ्यांना धडकणार? फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ एतियेन-ज्यूल मारे यांनी १८८२ मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेराच बनवला. पक्ष्यावर नेम धरायचा, चाप ओढायचा. सेकंदाला १२ चित्रं.

माझा कौल मारे यांना. मायब्रिज यांच्या त्या दोऱ्यांमुळे दोन चित्रांमधला वेळ घोड्याच्या वेगावर ठरायचा. मारे यांच्याकडे तो समान, म्हणून हालचाल नुसती दिसत नाही, मोजता येते. उलटं सोडलेलं मांजर हवेतच वळून पायांवर कसं उतरतं, हेही त्यांनी १८९४ मध्ये टिपलं. ती चित्रमालिका मी कितीदा पाहिली असेल! मोठं, सुटं चित्र हवं असेल तर मात्र मायब्रिज. बंदुकीतली चित्रं फार बारकी यायची.