एमसीआरची मागे पट्टीवाली चप्पल, आठ महिने वापरून

अख्खा पावसाळा या चपलेवर काढलाय, म्हणून आता लिहिते.

आधी माझं सांगते, नाहीतर एका चपलेबद्दल एवढं काय असं वाटेल. मला एमजीयूएस आहे. म्हणजे रक्तात एम प्रोटीन नावाचं एक नको असलेलं प्रोटीन सापडतं, कॅन्सर नाही पण त्याच्या आधीची पायरी म्हणतात तसं. सगळे एमजीयूएसवाले धरले तर वर्षाला साधारण १ टक्का लोकांचं पुढे मायलोमा किंवा लिम्फोमासारख्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये जातं, त्यामुळे सध्या त्यावर औषध काही नाही, दर सहा महिन्यांनी रक्त द्यायचं आणि रिपोर्टची वाट बघायची. पण माझं प्रोटीन आयजीएम जातीचं, अँटी मॅग टेस्ट पॉझिटिव्ह आली, ते नसांवरचं आवरणच खातं, त्यामुळे बोटांपासून घोट्यापर्यंत पाय बधिर आणि रात्री मुंग्या. कुठेही गेलं की पहिला प्रश्न, शुगर आहे का? नाही हो, शुगर नॉर्मल आहे, बी १२ पण नॉर्मल.

गेल्या वर्षी दादरला लोकलमधून उतरले, गर्दीतून जिना चढून पुलावर आले तेव्हा एक मुलगी म्हणाली, काकू तुमची डावी चप्पल कुठे गेली? मला पत्ताच नव्हता. पुलावरच रडू आलं.

मग मुलाने ऑनलाइन मेमरी फोमचे शूज मागवले. बिचाऱ्याने प्रेमाने मागवले पण गादीवर चालल्यासारखं व्हायचं, आधीच पायाखालची जमीन कळत नाही त्यात ते इतके मऊ, तोलच जायचा. आणि आतली शिलाई करंगळीला घासून जखम झाली ती मला मोज्याला लागलेलं रक्त बघून कळली. तीन आठवडे ड्रेसिंग.

शेवटी फिजिओ म्हणाली एमसीआर घ्या. मायक्रोसेल्युलर रबर, कुष्ठरोगाच्या पेशंटसाठी आपल्याकडे कित्येक वर्षं हेच वापरतात कारण त्यांचेही पाय बधिर होतात. दादर पश्चिमेला एका जुन्या दुकानात करून घेतली, साडेआठशे रुपये. दुकानातल्या काकांनी आधी सांगितलं संध्याकाळी या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, आणि मग दोन्ही पाय कागदावर ठेवून, उभं करून माप घेतलं. वरचा थर मऊ पण दबून बसत नाही, खालचा सोल कडक, काच खिळा सहज आत येत नाही, आणि मुख्य म्हणजे कुठेही खिळे मारलेले नाहीत, सगळं चिकटवून शिवलेलं. मागची पट्टी आहे म्हणून पायातून निघत नाही. ट्रेनमध्ये चढताना मी आता खाली चपलेकडे बघत नाही, दांड्याकडे बघते. माझ्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

मुंग्या काही कमी झाल्या नाहीत, चपलेने होणारही नाहीत, त्याच्यासाठी रात्रीची गोळी चालूच आहे. पण आठ महिन्यांत एकही जखम नाही. रोज घालायच्या आधी चप्पल उलटी करून झटकते, खडा बसला असेल तर पाय सांगणार नाही ना, आणि झोपताना हातातल्या आरशात तळवे बघते. देवळात मात्र काढावीच लागते, मे महिन्यात फरशी हाताने चाचपून मगच पाय टाकायचा, हे कोणीतरी मला आधी सांगायला हवं होतं.

वाईट म्हणाल तर पट्टीच्या आतलं कापड पावसात दोन दोन दिवस वाळत नाही आणि वेल्क्रोमध्ये चिखल बसला की धरत नाही. ऑगस्टमध्ये स्टेशनजवळच्या चांभारदादांकडून नवीन वेल्क्रो लावून घेतलं. दिसायला चप्पल साधीच, काळी नाहीतर तपकिरी, लग्नाकार्यात बायका बघतात, बघू देत.

दुसरा जोड सांगून आलेय, यावेळी आतून रेक्झिन लावा म्हटलं, आणि मागची पट्टी अर्धा इंच जास्त रुंद.