दगड, वीट आणि पसंतीक्रम

हे परीक्षण एका कागदाचं आहे. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन राज्यात राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला पसंतीक्रमाची, म्हणजे उमेदवारांना पहिला, दुसरा असे क्रम देण्याची मतपत्रिका मिळते. मी ती २०२० आणि २०२४ अशी दोनदा वापरली आहे. त्याआधी २०१६ मध्ये साधी, एकच गोळा काळा करायची मतपत्रिका वापरली होती, त्यामुळे तुलना करता येते. समोरचे दोन्ही मोठे उमेदवार नकोसे असतील तर हा कागद किती कामाचा आहे, हे मला सांगायचं आहे.

आधी २०१६ बद्दल. नागरिकत्वाची शपथ घेतल्यावरचं राष्ट्राध्यक्षपदासाठीचं ते माझं पहिलं मतदान. त्या दिवसाची मी किती वाट पाहिली होती! आणि समोर क्लिंटन आणि ट्रम्प. क्लिंटन यांनी २००२ मध्ये सिनेटमध्ये इराक युद्धाच्या बाजूने दिलेलं मत मला विसरता येत नव्हतं. ट्रम्प यांची स्थलांतरितांबद्दलची भाषा कानांना सहन होत नव्हती. मी एकटी नव्हते. गॅलप या संस्थेच्या जनमत चाचणीत ट्रम्प ६१ टक्के लोकांना आणि क्लिंटन ५२ टक्के लोकांना नापसंत होत्या. फोनवर ओळखीतलं प्रत्येक मराठी माणूस मला ‘दगडापेक्षा वीट मऊ’ ऐकवत होतं. ते मलाही कळत होतं. पण आयुष्यातलं पहिलं मत विटेला द्यायला हात धजेना. पेन हातात घेऊन मी बराच वेळ आडोशाला उभी राहिले आणि शेवटी तिसऱ्याच उमेदवाराच्या नावापुढचा गोळा काळा केला.

घरी येताना गाडीत रडले. हरणाऱ्याला मत दिलं म्हणून नाही. दोघांपैकी कोण कमी नुकसान करेल याबद्दल माझं ठाम मत होतं आणि ते त्या कागदावर कुठेच उमटलं नव्हतं, म्हणून. मला दोन गोष्टी सांगायच्या होत्या आणि जागा एकीचीच होती. निकाल लागला तेव्हा मेनमध्ये कोणालाच निम्मी मतं नव्हती. क्लिंटन पहिल्या, पण ४८ टक्क्यांच्या आत. माझ्यासारख्यांची सात-आठ टक्के मतं इकडेतिकडे पांगली होती आणि त्या माणसांची दुसरी निवड कोण होती, हे कोणी विचारलंच नव्हतं. सन २००० मध्ये फ्लोरिडात बुश ५३७ मतांनी जिंकले तेव्हा तिसरे उमेदवार राल्फ नेडर यांना तिथे ९७ हजारांवर मतं होती. त्या मतदारांना आजही लोक बोल लावतात. मला वाटतं, दोष त्यांच्यापेक्षा त्या एका गोळ्याचा जास्त होता.

त्याच दिवशी, त्याच केंद्रावर मी आणखी एक मत दिलं होतं. पाचव्या क्रमांकाचा सार्वमताचा प्रश्न होता: राज्यात पसंतीक्रमाने मतदान असावं का? मी ‘हो’ म्हटलं. सुमारे ५२ टक्के लोकांनी म्हटलं. मेनवाल्यांना हे सुचायला कारण होतं. २०१० मध्ये पॉल लपाज ३८ टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन गव्हर्नर झाले होते, म्हणजे दहातल्या सहा मतदारांनी दुसऱ्या कोणाला तरी मत दिलेलं असताना.

पद्धत आपल्याला अनोळखी नाही. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात पहिल्या पसंतीची, दुसऱ्या पसंतीची मतं असतात. आमचे बाबा जांभळ्या स्केच पेनने आकडे लिहून आले की संध्याकाळी आईला क्रम समजावत बसायचे. भारताचे राष्ट्रपतीही याच रीतीने निवडले जातात. १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरी दुसऱ्या पसंतीची मतं मोजल्यावर निवडून आले. मेनमध्ये आकडा लिहायचा नसतो. डाव्या बाजूला आडनावाच्या वर्णक्रमाने उमेदवार, वर पहिली पसंती, दुसरी पसंती असे रकाने आणि मध्ये ओएमआर शीटसारखे गोळे. पहिल्या पसंतीत कोणाला निम्म्याहून जास्त मतं मिळाली तर तिथेच निकाल. नाही मिळाली तर सगळ्यात मागे असलेला बाद होतो आणि त्याच्या मतदारांची मतं त्यांच्या पुढच्या पसंतीकडे जातात.

वापरताना कसं वाटतं? पहिल्यांदा, गोंधळायला होतं. २०२० मध्ये माझी नजर एक ओळ खाली घसरली आणि एकाच रकान्यात दोन गोळे काळे झाले. असं झालं तर त्या पसंतीपासून पुढचं काहीच मोजत नाहीत. नशिबाने पेटीत टाकण्याआधी लक्षात आलं. खिडकीतल्या बाईंना सांगितलं, त्यांनी एक शब्द न बोलता खराब झालेला कागद परत घेऊन नवा दिला. तेव्हापासून मी नमुना मतपत्रिका आधी बघून घेते, घरी पेन्सिलने भरते आणि केंद्रावर पट्टीसारखं पाकीट ओळीखाली धरते. रकाने दाट आहेत, वयस्कर माणसाला त्रास होतो. इथे सुधारणा हवीच.

बाकी नियम सरळ आहेत. एक रकाना रिकामा राहिला तर पुढची पसंती वर सरकते. लागोपाठ दोन रिकामे राहिले तर पुढचं सोडून देतात. एकाच माणसाला सगळे रकाने दिले तरी मत एकदाच धरलं जातं. आणि एक गैरसमज फार भेटतो: ‘नावडत्याला पाचवा नंबर दिला तरी त्याचा फायदाच की!’ नाही. ज्यांना तुम्ही त्याच्या वर ठेवलं आहे, त्यांच्याविरुद्ध त्या पाचव्या नंबराचा त्याला काडीचाही उपयोग नाही.

आता मुख्य गोष्ट. दोन्ही मोठे उमेदवार आवडत नसतील तर दोघांनाही रिकामं सोडण्याचा मोह होतो. तसं करता येतं. पण शेवटची फेरी बहुतेक त्या दोघांतच होते आणि तेव्हा तुमचा कागद मोजणीतून बाहेर पडलेला असतो. २०१८ मध्ये मेनच्या दुसऱ्या क्रमांकाच्या मतदारसंघात काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या जागेसाठी चुरस होती. जॅरेड गोल्डन पहिल्या फेरीत सुमारे दोन हजार मतांनी मागे होते. दोन अपक्षांच्या मतदारांच्या पुढच्या पसंती मोजल्यावर ते साडेतीन हजारांनी जिंकले. त्या मोजणीत आठ हजारांवर कागद शेवटपर्यंत पोहोचलेच नाहीत, म्हणजे जय-पराजयातल्या फरकाच्या दुपटीहून जास्त. म्हणून मी दोघांनाही क्रम देते. खाली देते, मन घट्ट करून देते, पण देते. एकाला चौथा आणि एकाला पाचवा देताना त्या दोघांतला फरक मला कागदावर मांडता येतो. २०१६ मध्ये नेमकं हेच राहून गेलं होतं.

२०२४ मध्ये आमचा मुलगा पहिल्यांदा मतदान करणार होता. गाझातल्या युद्धावरून तो दोन्ही पक्षांवर इतका चिडला होता की राष्ट्राध्यक्षपदाची जागा कोरी ठेवणार म्हणाला. मी त्याच्यासमोर नमुना मतपत्रिका ठेवली. हॅरिस, ऑलिव्हर, स्टाइन, ट्रम्प, वेस्ट.

‘तुला मनापासून जो हवा, त्याला पहिला नंबर दे. भीती न बाळगता दे.’

‘आणि मग? शेवटी माझं मत त्या दोघांपैकीच एकाला जाणार ना, आई?’

‘जाऊ शकतं.’

‘मग माझ्या रागाचं काय?’

प्रश्न खरा होता आणि मी तो उडवून लावला नाही. म्हटलं, ‘तुझी पहिली पसंती मोजली जाते, जाहीर होते. तो आकडा सगळ्यांना दिसतो. तुझा राग तिथे नोंदला जाईल. पण जानेवारीत त्या दोघांपैकी एक जण शपथ घेणार हे तुलाही माहीत आहे, आणि तुझ्या दृष्टीने दोघं अगदी सारखे असतील असं मला वाटत नाही. सारखे असतील तर सोड रिकामं.’

मतदानाच्या दिवसाच्या आधीच नगर कार्यालयात जाऊन मत देता येतं, तसे आम्ही गेलो. तो माझ्यानंतर कितीतरी वेळाने बाहेर आला. गाडीत पट्टा लावताना म्हणाला, ‘सगळे रकाने भरले. क्रम विचारू नकोस.’ मी विचारला नाही.

आता उणिवा, कारण त्या लपवून हे परीक्षण पुरं होणार नाही. राष्ट्राध्यक्षपदासाठी आजवर ही यंत्रणा प्रत्यक्ष चाललेलीच नाही. २०२० आणि २०२४ दोन्ही वेळा राज्यात पहिल्या पसंतीतच कोणीतरी निम्म्यापुढे गेलं, दुसऱ्या क्रमांकाच्या मतदारसंघातही तसंच, आणि आमच्या पुढच्या पसंती न मोजता राहिल्या. राष्ट्राध्यक्ष ठरवणारी इलेक्टोरल मतं मेनकडे चारच: दोन सबंध राज्याच्या निकालावर आणि दोन मतदारसंघांच्या निकालावर एकेक. शेजारच्या राज्यात गेलात की पुन्हा तोच एक गोळा. राष्ट्राध्यक्षपदासाठी दुसरं राज्य आलं ते अलास्का, २०२४ मध्ये. पुढच्या फेऱ्या लागल्या तर वाटही पाहावी लागते, कारण सगळ्या राज्यातल्या मतपत्रिका आणि यंत्रांमधली माहिती राजधानी ऑगस्टाला नेऊन एकत्र मोजतात. गोल्डन यांचा निकाल नऊ दिवसांनी लागला. मला नऊ दिवस जास्त वाटत नाहीत. चार वर्षांसाठी राष्ट्राध्यक्ष निवडायचा असतो.

उमेदवार चांगले मिळतील याची हमी हा कागद देत नाही, आणि त्याच्याकडून ती अपेक्षा मी करत नाही.

पाचपैकी चार तारे. एक तारा दाट रकान्यांसाठी आणि आणखी एका गोष्टीसाठी कापला. ज्या गव्हर्नरपदामुळे लोकांना हे सगळं सुचलं, त्याच पदाच्या नोव्हेंबरच्या निवडणुकीला ही पद्धत लागू नाही. मेनच्या राज्यघटनेत ‘सर्वाधिक मतं मिळवणारा’ विजयी असं लिहिलेलं आहे आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्यावर बोट ठेवलं. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत रकाने भरायचे आणि नोव्हेंबरमध्ये गव्हर्नरसाठी पुन्हा एकच गोळा. घटनादुरुस्तीसाठी आमच्या प्रतिनिधीला मी तीन पत्रं लिहिली आहेत. चौथं लिहायला घेतलं आहे.