एकच वाफा: कोबी की ब्रसेल्स स्प्राउट्स?

इंग्लंडात घरामागे एकच वाफा असेल तर काय लावायचं? कोबी की ब्रसेल्स स्प्राउट्स, म्हणजे उंच दांड्यावर लागणारे इवल्या कोबीसारखे गोळे? दोन्ही एकाच कुळातले, पण स्वभाव निराळे.

लवकर येणारा कोबी रोप लावल्यावर साधारण तीन महिन्यांत गड्डा धरतो. कापला की जागा मोकळी. स्प्राउट्सना धीर हवा: मार्च-एप्रिलात पेरणी, मे-जूनमध्ये 60 सेंमी अंतरावर रोपं, तोडणी थेट ऑक्टोबरपासून. माती पायानं घट्ट दाबावी लागते, नाहीतर गोळे फुलून सैल होतात. पण एकाच दांड्यावरून खालून वर, लागतील तेवढे तोडत हिवाळाभर भाजी मिळते. कडाक्याची थंडी पडली की गोडीही वाढते. कबुतरं आणि अळ्या दोघांनाही सोडत नाहीत, जाळी हवीच.

स्वयंपाकात कोबी समजूतदार, चणाडाळ घातली की भाजी तयार. स्प्राउट्स जास्त उकडले की घरभर गंधकाचा वास (ख्रिसमसच्या ताटातली त्यांची बदनामी त्यामुळेच!). मी अर्धे चिरून, मोहरी-हिंगाच्या फोडणीत, झाकण न ठेवता खरपूस परततो. वर ओलं खोबरं. माझा वाफा स्प्राउट्सचा. कोबी बाजारातून आणतो.