साडेसहा हजारांचे इलेक्ट्रॉनिक इअरमफ, ९ महिने वापरून: सगळा खेळ गादीचा

शुक्रवारी पोरगी रायफल शूटिंगच्या रेंजवरनं आली आणि इअरमफ (बाराचा आवाज अडवायला दोन्ही कानांवर घालायच्या वाट्या) टेबलावर ठेवून म्हणाली, पप्पा बघा की, परत सोललंय. उजव्या वाटीच्या गादीचं काळं प्लास्टिक भाजल्या वांग्यागत सुटलेलं, आतला स्पंज बाहेर आणि तिच्या कानामागं काळे कपचे चिकटलेले. दुकानदाराला फोटो पाठवला तर उत्तर काय, "सर गादी कन्झ्युमेबल आहे, वॉरंटी इलेक्ट्रॉनिक्सची." अहो इलेक्ट्रॉनिक्सला काय धाड भरलीय, ते ठणठणीत आहे, आवाज अडवायचं काम जी गादी करते तीच फाटली त्याचं बोला ना. ब्रँडचं नाव घेत नाही, उगाच भांडण नको, पण आता सविस्तर लिहितोच.

ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेचं पॅरिस ऑलिंपिकचं नेमबाजीतलं ब्राँझ आलं आणि आमच्या कोल्हापुरात निम्म्या घरांतल्या पोरांना रायफल पाहिजे झाली, त्यात आमची पण. तेव्हा १४ ची. सुरुवात १० मीटर एअर रायफलनं. एअर रायफलचा आवाज फटकन टाळी वाजवल्यासारखा, त्याला आम्ही कानात काहीच घातलं नाही (चूक होती का माहीत नाही, बंद हॉलमध्ये वीस लेन एकदम सुरू झाल्या की डोकं उठतंच). खरा प्रश्न आला क्लबच्या पॉइंट टू टू वर, म्हणजे खऱ्या गोळीच्या .२२ रायफलवर गेल्यावर. तिच्या बाराच्या आवाजाचा झटका १४० डेसिबलच्या आसपास जातो, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला असल्या झटक्यासाठी १४० ची हद्द सांगते पण लहान मुलांना १२० चीच. त्यात वर स्लॅब असला की शेजारच्या लेनचा बार आपल्या बारापेक्षा जास्त कानात बसतो.

आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणाले कशाला खर्च करतोस, कापसाचे बोळे घाल की. आप्पा २८ वर्षं शिरोलीला फौंड्रीत फेटलिंगला (ओतीव माल घासून साफ करायच्या कामाला) होते, दिवसभर ग्राइंडर. कानात कधी काही घातलं नाही आणि म्हणतात मला काय झालंय? हे त्यांना तीनदा विचारावं लागतं तेव्हा उत्तर येतं. टीव्ही ४५ वर असतो. त्यामुळं कानाच्या बाबतीत मी कंजूषपणा करणार नव्हतो, आणि तिथंच फसलो. महाग ते चांगलं म्हणून थेट इलेक्ट्रॉनिक घेतले.

पहिले तीन महिने मी खूश. बाहेरच्या माइकमुळं कोचचं बोलणं स्वच्छ ऐकू येतं, बार झाला की आवाज आपोआप कापला जातो. नवीन मुलाला "स्टॉप" ऐकू येणं फार महत्त्वाचं, तेवढ्यासाठी पैसे वसूल असंच मी ग्रुपवर टाकलं होतं. ते आता अर्धं मागं घेतो.

कारण एक, गादी. हो, परत तेच. रायफलवाल्याचा गाल बटच्या (रायफलच्या मागच्या दांड्याच्या) चीकपीसवर, म्हणजे गाल टेकायच्या भागावर दाबलेला असतो, उजव्या हाताचा नेमबाज असेल तर उजवी वाटी खालून लाकडाला टेकते आणि उचलली जाते. त्यात आमच्या बाईसाहेबांना चष्मा, त्याची काडी गादीखालनं जाते, म्हणजे वरनं एक फट आणि खालनं एक. हे मला कळलंच नाही, कारण सरळ उभं राहून घातले की सगळं झकास बसतं. एक दिवस ती प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून नेम धरत असताना मी मागनं बघितलं तर वाटीखाली माझं बोट गेलं असतं एवढी जागा. खोक्यावर एनआरआर (आवाज किती डेसिबलनं कमी होतो त्याचा आकडा) २२ का ५२ काय लिहायचंय ते लिहा, फट पडली की तो आकडा खोक्यावरच राहतो. पिस्तूलवाल्यांना हा त्रास नाही, त्यांनी हे सोडून पुढं वाचा.

दुसरं, मॅच. जिल्हा पातळीवर इक्विपमेंट बघताना ज्युरी मॅडमनी शांतपणे बाजूला काढले. आयएसएसएफच्या (नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमात आवाज कमी करणारं साधन चालतं, पण आवाज आत घेणारी यंत्रणा असलेलं खेळाडूला चालत नाही. साडेसहा हजार रुपये आणि ही गोष्ट ना दुकानदारानं सांगितली ना मी विचारली. मॅडमनीच डब्यातले फोमचे प्लग दिले, पोरीनं ते पिळले न पिळले, कानाच्या तोंडाशी ठेवले आणि ६० शॉट मारले. त्या रात्री कानात शिट्टी. सकाळी गेली, पण रात्रभर आम्ही दोघं जागे. कानाच्या डॉक्टरांकडं ऑडिओमेट्री (ऐकू येण्याची तपासणी) केली, सुदैवानं नॉर्मल. ते म्हणाले आवाजानं कान गेला की आधी ४००० हर्ट्झला खड्डा पडतो, आणि आतल्या पेशी गेल्या त्या परत येत नाहीत. ही टेस्ट खरं तर पहिल्या दिवशीच करून ठेवायची, म्हणजे पुढं ताडून बघता येतं.

मग प्लगची गोष्ट. मी त्याला टाइमपास समजायचो. थ्रीएमचे ११०० नंबरचे फोम, एनआरआर २९, जोडी वडापावच्या पैशात. नुसते खुपसले तर काही उपयोग नाही. देवाची वात वळतो तसा बारीक वळायचा, दुसरा हात डोक्यावरनं आणून कान वर आणि मागं ओढायचा, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटानं तीसेक सेकंद धरायचा. बसलाय का ते बघायला दोन्ही तळवे कानावर झाकायचे, फार फरक पडला नाही तर बसला. लहान कानाला हे जाड होतात आणि बाहेर सरकतात, मग छोट्या मापाचे बघा. दोरीवाले घेऊ नका, दोरी जॅकेटच्या कॉलरला घासली की कानात खर्र खर्र.

आकड्यांना पण भुलू नका. अमेरिकेत कारखान्यांसाठी जो हिशेब लावतात त्यात २९ मधून ७ वजा करून अर्धे करतात, म्हणजे हातात ११ डेसिबल. वर मफ चढवला तर बेरीज होत नाही, साधारण ५ ची भर पडते. तरी स्लॅबखाली पॉइंट टू टू ला आम्ही दोन्ही वापरतो, आत प्लग आणि वर पातळ वाटीचा साधा बिनबॅटरीचा मफ, १४०० चा. वाटी चपटी असल्यानं चीकपीसला लागत नाही. त्याच्या गाद्या वेगळ्या विकत मिळतात का हे मी घ्यायच्या आधी विचारलं. मिळतात. ४०० ला जोड.

आणि ते इलेक्ट्रॉनिक? गेल्या आठवड्यात आप्पांनी गंमत म्हणून डोक्याला लावले, माइकचा आवाज वाढवला आणि टीव्ही ४५ वरनं १८ वर आणला. बातम्या संपेपर्यंत काढले नाहीत. कानाचं मशीन घ्या म्हणून दोन वर्षं मागं लागलोय, ते नको, हे पाहिजे. डॉक्टरांची वेळ घेतलीय बुधवारची. तोपर्यंत फाटक्या गादीला चिकटपट्टी मारून दिलीय आणि दर तीन दिवसांनी हाक येते, अरे सेल संपले रे.