नवीन सायलेन्सर लावल्यापासून फटाके फुटतायत: गॅस्केट, एअर व्हॉल्व्ह, फ्युएल कंट्रोलर की परत ओरिजिनल?

थ्रॉटल सोडला की मागून फट फट फट, आणि त्यात ताम्हिणी उतरत असाल, गाडी गिअरवर धरलेली असेल तर विचारूच नका. कंपनीचा काढून बाहेरचा सायलेन्सर बसवला की बऱ्याच बाईक्सना हे होतं, मग गॅरेजवाला एक सांगतो, मित्र दुसरंच सांगतो. उपाय चार आहेत आणि माझ्या मते कुठला आधी करायचा ह्यावरच सगळे पैसे वाचतात नाहीतर जातात.

होतं असं की थ्रॉटल बंद केल्यावर सिलिंडरमधलं मिश्रण नीट पेटत नाही, न जळलेलं पेट्रोल गरम पाईपमध्ये येतं आणि तिथे ताजी हवा मिळाली की पाईपातच भडकतं. ओरिजिनललाही थोडंफार होतं, फक्त आतल्या जाळ्या आणि कॅटमुळे (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) ऐकू येत नाही. त्यामुळे अधूनमधून एखादा बारीक फट आला तर गाडीला काही होत नाही, सोडून द्या. सारखे, जोरात येत असतील तर मात्र बघा.

गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि पाईपच्या जोडात हवा अडवणारी चकती, सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते पहिलं तेच. सायलेन्सर बदलताना जुनंच गॅस्केट परत दाबून बसवतात, ते एकदा चेपलं की पुन्हा नीट बसत नाही. गाडी थंड असताना स्टार्ट करा, कुणाला तरी जाड फडकं घेऊन सायलेन्सरचं मागचं तोंड क्षणभर दाबायला सांगा आणि बेंड पाईपच्या (इंजिनातून निघणारा वाकडा पाईप) जोडाशी कान द्या, लीक असेल तर फुसफुस लगेच कळते, जोडाभोवती काजळीचा काळा डागही दिसतो. नवीन गॅस्केट टाकताना दोन्ही नट आलटूनपालटून थोडे थोडे आवळायचे, एक पूर्ण आवळून मग दुसरा असं केलं की तिरकं बसतं.

एफआय (फ्युएल इंजेक्शन) गाडीत तर लीक जास्तच नडतो, कारण तो ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असला तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, अजून पेट्रोल सोडतो, म्हणजे हवाही आली आणि पेट्रोलही वाढलं. अशा गाडीला पेट्रोलचं प्रमाण बदलणारा फ्युएल कंट्रोलर लावला तर तो चुकीच्या रीडिंगवरच काम करणार.

एअर व्हॉल्व्ह बंद करणं हा गॅरेजवाल्यांचा आवडता उपाय. काही गाड्यांमध्ये प्रदूषण कमी व्हावं म्हणून एक्झॉस्टमध्ये मुद्दाम हवा सोडणारा व्हॉल्व्ह असतो, तो बुजवला की फटाके खरंच कमी होतात, खर्चही जवळजवळ नाही. पण पेट्रोलचं प्रमाण बिघडलेलं तसंच राहतं आणि धूर वाढतो, रोजच्या गाडीला मी हे करू नका असंच सांगेन.

फ्युएल कंट्रोलर, म्हणजे फ्युएलएक्ससारखं यंत्र, हजारांत जातं. जोड घट्ट आहेत, सायलेन्सर खूप मोकळा आहे, आणि फटाक्यांबरोबर गाडी खालच्या आरपीएमला झटके देते, जास्त तापते, तरच हे पैसे सार्थकी लागतात. फक्त आवाजासाठी घेऊ नका. जुनी कार्बोरेटरवाली असेल तर हा विषयच नाही, मिक्श्चर स्क्रू फिरवून पेट्रोल थोडं वाढवून बघा, नाही जमलं तर पायलट जेट (कमी थ्रॉटलला पेट्रोल सोडणारं बारीक भोक) एक साईज मोठा.

राहिलं ओरिजिनल. बीएस६ गाडी, वॉरंटी चालू, आणि रोजचं जाणं-येणं गावातून, तर मी सरळ हेच म्हणेन. १७५ सीसीवरच्या गाडीला कंपनीतून निघतानाच ८० डेसिबलची मर्यादा आहे, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, शिवाय लायसन्स ३ महिने अपात्र. पुण्या-नागपुरात पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोलर फिरवलेले आपण पाहिलेत. बाहेरचाच ठेवायचा असेल तर निदान आतली पुंगळी (आवाज दाबणारी नळी) काढू नका, ती काढली की आवाज तर वाढतोच, फटाकेही जास्त ऐकू येतात, आणि रात्री अकराला गल्लीत शिरताना झोपलेलं लहान मूल दचकून उठतं.