स्लिम पॅनल, सीओबी की बल्ब बदलता येणारी फिटिंग? सीलिंगमधले लाइट ठरवताना

फॉल्स सीलिंगचं काम निघालं की वायरमन एक दिवस विचारतो, भोकं कितीची मारायची, आणि तोपर्यंत बऱ्याच जणांचं फक्त गोल की चौकोनी एवढंच ठरलेलं असतं. त्या भोकाच्या मापावर पुढचं बरंच काही अवलंबून असतं म्हणून हे लिहितोय. वॉट, ल्युमेन, वॉर्म की कूल हे सगळं तुम्ही वाचून बसला असालच, ते परत उगाळत नाही.

आमच्याकडे तिन्ही प्रकार आहेत. पॅसेज आणि किचनमध्ये स्लिम पॅनल, बेडरूममध्ये खोल बसणारे सीओबी (एकाच ठिपक्यातून उजेड देणारे एलईडी), आणि हॉलमध्ये फिटिंग वेगळी नि बल्ब वेगळा असा जीयू-१० वाला प्रकार. त्यामुळे जे मत आहे ते रोज त्याखाली वावरून झालेलं आहे, मीटर वगैरे काही लावलेला नाही.

पॅनलपासून सुरुवात करू, कारण बहुतेक घरात तेच लागतात. उजेड सगळीकडे सारखा, सावली जवळजवळ नाही, आणि वर जागा अगदी कमी असली तरी बसतात, हा खरंच मोठा फायदा आहे. किचनमध्ये ओट्यावर आपल्याच डोक्याची सावली पडत नाही, त्यामुळे तिथे मी दुसरं काही लावणारही नाही. त्यातही दोन जाती आहेत, एकात एलईडी कडेने गोल लावलेले असतात आणि आतल्या पारदर्शक शीटमधून उजेड पसरतो, दुसऱ्यात एलईडी सरळ मागेच असतात, तो जरा जाड असतो. कडेवाल्यातल्या साध्या मालात ती शीट काही वर्षांनी पिवळट पडते, मागून उजेड येणाऱ्यात हे शीटचं लफडंच नाही, म्हणून पॅनलच घ्यायचं असेल आणि वर थोडी जागा असेल तर तो बघा. आणि सोफ्यावर आडवं पडलात की पॅनलची अख्खी तबकडी डोळ्यात येते, काहींना काही वाटत नाही, मला वाटतं.

सीओबीचा अनुभव याच्या बरोबर उलट. उजेडाचा उगम एका ठिपक्याएवढा आणि तो आत खोल, त्यामुळे बाजूने बघितलं तर लाइट चालू आहे हे चटकन कळतही नाही, खाली मात्र नीट प्रकाश असतो. बेडरूममध्ये फार छान वाटतं. फक्त घेताना बीम अँगल विचारा, कारण सगळी गंमत त्यातच आहे, ३६ अंशाचा लाइट २ मीटर खाली साधारण १.३ मीटरचं वर्तुळ उजळतो, २४ अंशाचा जेमतेम ८५ सेंटीमीटरचं, ६० अंशाचा २.३ मीटरचं. म्हणजे २४ वाले पूर्ण खोलीसाठी लावले तर जमिनीवर गोल गोल चट्टे दिसतात आणि मधे अंधार. भिंतीला चिकटून लावले तर भिंतीवर कमानी पडतात, त्या कुणाला आवडतात, कुणाला नाही.

इथपर्यंत खरं तर दोन्ही ठीकच आहेत, आणि गोष्ट फक्त उजेडाची असती तर मी सीओबी म्हणून मोकळा झालो असतो. पण माझं मत ठरलं ते वेगळ्याच कटकटीमुळे.

पॅसेजमधल्या रांगेतला मधलाच एक पॅनल गेला. पहिल्यांदा ड्रायव्हर बघायचा, हे आधीच सांगून ठेवतो कारण बऱ्याचदा लाइट चांगला असतो आणि त्याला करंट पुरवणारी वरची छोटी डबी, म्हणजे ड्रायव्हरच, गेलेली असते. स्विच बंद करून शेजारच्या चालू पॅनलचा ड्रायव्हर याला लावून बघा, लागला तर फक्त ड्रायव्हर आणा, मात्र त्यावर छापलेला मिलिअँपिअरचा आकडा तोच हवा आणि व्होल्टेजची रेंजही जुळायला हवी, नुसती पिन बसते म्हणून लावू नका. माझ्या बाबतीत ड्रायव्हर ठणठणीत होता, पॅनलच गेला होता. आत एलईडी एकामागे एक सिरीजमध्ये असतात, एक उडाला की त्याच्याबरोबरची अख्खी लाइन बंद.

मग तोच पॅनल शोधायला लागलो तर ते मॉडेल बंद झालेलं. बरं, त्याच साइजचा दुसऱ्या कंपनीचा घेऊ म्हटलं, तर साइज म्हणजे नक्की काय यावर कुणाचं एकमत नाही, कुणी बाहेरच्या रिंगचं माप सांगतं, कुणी भोकाचं, आणि त्यातही एकाला सेंटीमीटरभर मोठं भोक लागतं तर एकाला तेवढंच लहान. लहानवाला आणला तर रिंग कशीबशी कडेवर टेकते पण स्प्रिंगच्या क्लिपा पकडच घेत नाहीत, रात्री पंखा जोरात लावला की थरथरतो. मोठावाला आणला तर भोक वाढवायचं, आणि आधीच असलेलं गोल भोक होल सॉने वाढवता येत नाही कारण मधल्या ड्रिलला धरायला काही उरलेलंच नसतं, मागून प्लायचा तुकडा लावा, नाहीतर बसा हाताने कानशीने घासत. जिप्समची ती पांढरी भुकटी पापण्यांवर बसते, खालच्या कपाटांवर बसते, आणि एवढं करून क्लिप सोडताना जरा हात निसटला की बोर्डाचा टवका उडतो आणि वर बोटाला चापट बसते ती वेगळीच.

तेही एकवेळ चाललं असतं. पण लाइट लावला आणि तो बाकीच्यांपेक्षा गुलाबी दिसायला लागला. बॉक्सवर ३००० केल्व्हिनच (उजेडाच्या रंगाचा आकडा) लिहिलेलं, जुन्यांवरही ३०००च. नंतर कळलं की ३००० म्हणून विकताना साधारण २८७० ते ३२२० पर्यंत सगळं चालतं, वर हिरवट-गुलाबी झाक वेगळी, म्हणजे कुणी खोटं बोलत नाही आणि तरी रांगेत एक दात किडल्यासारखा दिसतो. शेवटी चालू असलेले चांगले पॅनलही उतरवले आणि पूर्ण रांग बदलली. घरच्यांच्या मते हा माझा हट्ट होता, असेलही.

आणि बॉक्सवर २५,००० तास लिहिलेलं असतं ना, रोज ६ तास धरले तर ११ वर्षांच्या वर जातं ते. पण तो आकडा मुळात एलईडीचा उजेड ७० टक्क्यांवर यायला किती वेळ लागेल याचा असतो. ड्रायव्हरमधला कपॅसिटर सीलिंगच्या वरच्या उष्णतेत त्याच्या खूप आधी मान टाकू शकतो, त्याचा हिशोब या आकड्यात धरलेला असेलच असं नाही.

सीओबीलाही हेच सगळं लागू आहे. लाइट गेला म्हणजे पूर्ण फिटिंग गेली, भोकाचं माप आलं, शेड (उजेडाची रंगछटा) जुळवणं आलं. बेडरूममधले अजून चालू आहेत म्हणून मी गप्प आहे एवढंच.

आता हॉलमधला जीयू-१० बघा. सीलिंगमध्ये फक्त रिंग आणि होल्डर, आत ५० मिलिमीटर व्यासाचा बल्ब, मागे दोन पिना, थोडं फिरवला की बसतो. मधे एक गेला तर स्टुलावर उभं राहून आतली रिंग सोडवली, जुना काढला, नवा फिरवला, झालं. कंपनी कुठलीही असो, पिनांमधलं अंतर तेच, सीलिंगला हात लावायचा नाही, वायरमनची वाट बघायची नाही. शेड जुळली नाही तर हॉलमधले सगळे बल्ब बदलले तरी फिटिंग जागच्या जागी राहतात. शिवाय बीम आवडला नाही म्हणून ३६चा काढून ६०चा लावता येतो, किंवा रंग खरे दिसत नाहीत वाटलं तर सीआरआय ८० चा काढून ९० चा लावता येतो, बाकी दोन्ही प्रकारात एकदा घेतलं की घेतलं.

यालाही खोडी आहेतच. ड्रायव्हर बल्बच्या पोटातच कोंबलेला असल्यामुळे तो तापतो, म्हणून यात फार ताकदीचे बल्ब सहसा मिळत नाहीत, ५ ते ७ वॉट धरून चाला आणि पॉइंट जास्त ठेवा. पूर्ण बंद डब्यासारखी फिटिंग घेऊ नका, मागून हवा खेळली पाहिजे. वर १० सेंटीमीटर तरी मोकळी जागा हवी, तेवढी नसेल तर हा विषय तिथेच संपला आणि पॅनलच घ्या. उजेड खाली पडतो, छत आणि कोपरे जरा अंधारे राहतात, आम्ही हॉलमध्ये एक उभा लॅम्प ठेवून ते भागवतो, ज्यांना खोली लखलखीत लागते त्यांना हे पटणार नाही. आणि अगदी तसाच दिसणारा एमआर-१६ नावाचा भाऊ आहे त्याच्यापासून सावध, तो सहसा १२ व्होल्टचा असतो आणि त्याला ट्रान्सफॉर्मर लागतो. जुन्या हॅलोजनच्या ट्रान्सफॉर्मरवर एलईडी लावला तर लोड कमी पडून लुकलुकतो, कधी लागतच नाही. नवीन काम असेल तर सरळ जीयू-१० करा.

बाथरूममध्ये मात्र मी बल्ब बदलायच्या भानगडीत पडणार नाही, शॉवरच्या जवळ सीलबंद लाइटच हवा, किमान आयपी ४४ (धूळ-पाण्यापासून बचावाचा आकडा) लिहिलेला, आणि शॉवरच्या थेट वर असेल तर आयपी ६५ बघा. अभ्यासाच्या टेबलावर पॅनल किंवा रुंद बीमचं काहीही चालेल. बाकी जिथे बसायचं, गप्पा मारायच्या, टीव्ही बघायचा, तिथे माझं आपलं म्हणणं जीयू-१० कडे झुकतं, तुमच्या सीलिंगची उंची आणि घरातल्यांची आवड बघून ठरवा.

आणि एवढं वाचूनही पॅनल किंवा सीओबीच घ्यायचं ठरलं, तर त्याच वेळी त्याच बॅचचे २ जास्तीचे घेऊन माळ्यावर टाका, एक ड्रायव्हरही घ्या. बॉक्स फेकण्याआधी कट-आउटचं (भोकाचं) माप आणि ड्रायव्हरच्या लेबलचा फोटो काढून ठेवा. वायरमनला भोकं मारायला सांगाल ती लाइट हातात आल्यावर, बॉक्सवरचं मिलिमीटरचं माप दाखवून, "सहा इंची" असं तोंडी सांगून नाही.